तुला आधी माहीत होतं

प्रिय घुम्या,

माझ्या आईने ठेवलेलं हे नाव तुला कधीच आवडलं नाही. पण दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवात केली असती तर पत्र पहिल्याच ओळीत परकं वाटलं असतं. हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. इतकी वर्षं कीबोर्ड बडवून माझ्या जोडाक्षरांची पार दुर्दशा झाली आहे. पण स्क्रीनसमोर बसले की मी चार ओळी लिहिते आणि पाच पुसते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. कागदावर निदान खोडलेलं दिसतं तरी.

आई सध्या माझ्याकडेच आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. काठी टेकत घरभर फिरते, आणि जाता-येता माझ्या पाठीशी उभी राहून विचारते, "हे एवढं सगळं तू वाचतेस?" मी हो म्हटलं की म्हणते, "मग डोळ्यांची वाट लागणार नाही तर काय!" तुझी खोली तिला दिली आहे. टेबल भिंतीला सरकवलं, पण त्याखालच्या वायरींच्या गुंत्याला हात लावायची हिंमत झाली नाही. झाडणारी बाईसुद्धा त्याला वळसा घालून जाते. मांजरासारखा तो तिथे बसून असतो.

परवा दुपारी वाटाणे सोलता सोलता आईने सरळ विचारलं, "तुमचं दोघांचं नक्की बिनसलं कशावरून? दारू नाही, दुसरी बाई नाही, कधी आवाज चढलेला मी ऐकला नाही. मग?" आजवर मी हा प्रश्न टोलवत आले होते. या वेळी म्हटलं, सांगून टाकू. तिला समजेल अशा शब्दांत सांगायला गेले, तर सुरुवात फार मागून करावी लागली.

मी म्हटलं, आई, निरोप कुलूपबंद करून पाठवायचा असतो ना, त्या कुलपाचा एक कोड आहे. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेला. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा. आमच्या कंपनीला तो घ्यायचा होता, पण आमच्या छोट्या पेटीतली चिप जुनी आणि गरीब, तिच्यात तो सगळा मावेना. म्हणून आम्ही दोघांनी त्याची एक प्रत घेतली, नको ते कापून टाकलं, काही फाइली नव्याने लिहिल्या, आणि ती प्रत कंपनीत वेगळी चालवायला लागलो. तिला फोर्क म्हणतात. आईने मान हलवली. "म्हणजे वेगळी चूल मांडलीत." मला हसू आलं. तू असतास तर तुलाही आलं असतं. इतक्या तांत्रिक सभांमधून जे आपल्याला साहेबांना पटवता आलं नाही, ते तिने तीन शब्दांत उरकलं.

त्यापुढचं मात्र तिला नीट सांगता येईना. वेगळी चूल मांडली तरी मूळ घराशी संबंध तुटत नाही हे कसं सांगायचं? तिकडे कुणी एक भोक बुजवलं की इकडे ते आपलं आपण बुजवावं लागतं, हाताने, एकेक ओळ जुळवून. न थांबता, वर्षानुवर्षं. तू कंपनी सोडून मूळ प्रकल्पात गेलास तेव्हा मी किती खूश होते! सकाळी तू तिकडे दुरुस्ती करायचास आणि संध्याकाळी मी ती इकडे आणायची. "आज काय पाठवलंय सासरहून?" असं मी विचारायची, आणि तू टॉवेलने केस पुसत म्हणायचास, "बघ की, उघडून." कधी तुझ्या ओळी माझ्या फाइलीत अलगद बसायच्या. कधी अजिबात बसायच्या नाहीत, आणि मग मी तुझ्या नावाने बोटं मोडायची. आपल्या घरात यापेक्षा गोड संसार दुसरा कुठला नव्हता. लोक मुलांबद्दल बोलतात तसं आपण त्या कोडबद्दल बोलायचो.

आणि ती पेटी. ती तर तू हातात घेऊन पाहिली होतीस. काडेपेटीएवढी, एकच बटण. घरातल्या मारहाणीतून सुटून निवारागृहाच्या आधाराने राहणाऱ्या बायकांनी ती जवळ ठेवायची. बटण दाबलं की, आणि एरवीही दिवसातून एकदा, त्या कुठे आहेत ते कुलूपबंद होऊन निवारागृहाला पोचायचं, फक्त त्यांनाच वाचता यायचं. पहिल्या चाचणीला एक शिंपीण आली होती, आठवते? ठेंगणीशी, बोलायला फटकळ. पेटी उलटीसुलटी करून म्हणाली, "नवऱ्यापासून लपायला यंत्र दिलंत, आता हे यंत्र लपवायला पण काहीतरी द्या." आणि पुढच्या वेळी सगळ्यांसाठी कापडी पिशव्याच शिवून घेऊन आली, आतून गळ्यात अडकवायच्या. मी घरी येऊन तुला तिची नक्कल करून दाखवली होती. तू खूप हसलास. तुला इतकं हसताना मी क्वचितच पाहिलं.

मग ते दिवस आले. ते मी आईला सांगितले नाहीत, तुला सांगते. तू तेव्हा जेवणात लक्ष देईनासा झालास. गळका नळ, पडद्याची दांडी, सैल झालेलं बिजागर, घरातलं जे जे म्हणून मोडलं होतं ते दुरुस्त करत सुटलास. मला वाटलं, कामाचा ताण. मी आईला डोंगरावरच्या गावी न्यायचं ठरवलं होतं. तिची किती वर्षांची हौस! आणि तू एका सकाळी दात घासता घासता म्हणालास, "या आठवड्यात जाऊ नकोस." मी विचारलं, का? तू म्हणालास, "नको जाऊस इतकंच." मी पुन्हा विचारलं, आजारी आहेस का, काही झालंय का? तू आरशातून माझ्याकडे बघितलंस आणि तोंड धुतलंस. मी चिडले. "माझ्या आईचं काही असलं की तुला नकोच असतं," असं म्हणाले. मी बॅग भरली. जाताना तू स्वतःहून माझा लॅपटॉप बॅगेत टाकलास. मी काढून ठेवला, तू पुन्हा टाकलास. "राहू दे," म्हणालास. मला त्याचाही राग आला.

डोंगरावर दुसऱ्याच दिवशी फोन खणखणायला लागले. मूळ प्रकल्पाने जाहीर केलं होतं: समोरून आलेली किल्ली खरी की बनावट हे तपासताना एक कोपरा सुटला होता. बनावट किल्ली घेऊन कुणीही मध्ये बसावं आणि सगळं वाचावं. सोबत दुरुस्तीचा पॅचही दिला होता. मी आईला खोलीत बसवलं, लॅपटॉप उघडला आणि तुमचा पॅच लावायला घेतला. तो लागेना. लागणार कसा? नेमकी तीच फाइल मी चिपमध्ये बसावी म्हणून पार बदलून टाकली होती. ओळी बदलल्या, रचना बदलली, चूक मात्र जशीच्या तशी माझ्याकडे आली होती. साहेबांना फोन केला, सर्व्हर बंद करा म्हटलं. निवारागृहाच्या मुख्य बाईही फोनवर होत्या, त्या मध्येच कडाडल्या, "बंद केलंत तर माझ्या बायका बटण दाबत राहतील आणि ऐकायला कुणी नसेल!" त्यांचंही खोटं नव्हतं. सर्व्हर चालू राहिला. परतीच्या बसमध्ये मी मांडीवर लॅपटॉप घेऊन ती फाइल नव्याने लिहीत होते, आणि आई दोन्ही हातांनी तो घट्ट धरून बसली होती, वळणावर पडू नये म्हणून. ज्या डोंगरांसाठी आली होती त्यांच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

मी दुरुस्ती पुरी केली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. कुणी, कशासाठी, देव जाणे. आमच्या सर्व्हरमधून जाणारे बायकांचे ठावठिकाणे कुणीतरी मध्ये बसून उचलले आणि सगळ्या जगाला दिसतील असे मांडून ठेवले. मुख्य बाईंनी एकेकीला फोन करून जागा बदलायला लावलं. जवळजवळ सगळ्या निसटल्या. शिंपीण म्हणाली, हातातले कपडे पुरे करते आणि निघते. तिचा नवरा दुकानात पोचला तेव्हा ती काज करत होती.

ती वाचली. उजवा हात मात्र मनगटापासून गेल्यातच जमा झाला. मी दवाखान्यात गेले तेव्हा तिने मलाच धीर दिला. "तुम्ही रडू नका बाई, मी कुठे मेले?" असं म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवली.

घरी येऊन मी ते जाहीर निवेदन पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. तोवर फक्त कोड पाहिला होता. शेवटी चूक कळवणाऱ्यांचे आणि तपासणाऱ्यांचे आभार होते. त्यात तुझं नाव. आणि चूक पहिल्यांदा लक्षात आल्याची तारीख. तू नळ दुरुस्त करायला घेतलास त्याच्याही आधीची.

तू स्वयंपाकघरात दूध तापवत होतास. मी विचारलं, "तुला आधी माहीत होतं?" तू गॅस बंद केलास. "हो." मी म्हटलं, "आम्हाला कळवा म्हणून निदान म्हणालास तरी?" तू म्हणालास, "म्हणालो. बायकोच्या कंपनीसाठी मी बोलू नये असं ठरलं. घरच्या घरी फोर्क चालवणारे शेकड्याने आहेत, सगळ्यांना सांगितलं तर ते गुपित उरत नाही." "आणि तू ऐकलंस." "हो." "मला एकटीला सांगितलं असतंस तर कुणाला कळणार होतं?" तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मला वाटतं त्या संध्याकाळी तू जितकं बोललास तितकं सबंध लग्नात सलग कधी बोलला नव्हतास. "तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी दुरुस्ती केली असतीस. नवा कोड पेट्यांवर गेला असता. असा कोड उघडून बघायला टपून बसलेले लोक असतात. तुझ्या दुरुस्तीवरून त्यांना भोक कुठे आहे ते कळलं असतं, आणि ज्यांना आम्ही गुपचूप कळवलं होतं पण ज्यांची तयारी अजून व्हायची होती ते सगळे उघडे पडले असते. दवाखाने. दुसरी निवारागृहं. तिथेही शिंपिणी असतील." मी म्हटलं, "त्या मला माहीत नाहीत. ही माहीत आहे." तू म्हणालास, "मलाही."

दुधावर साय धरेपर्यंत आपण दोघं तिथे उभे होतो.

त्यानंतर आपण भांडलो असतो तर बरं झालं असतं. तू तुझ्या कामाचा राजीनामा दिलास, मी मागितला नव्हता. मी तुझ्याशी नीट बोलायची, चहा द्यायची, आणि तू समोर बसलास की उठून जायची. मुद्दाम नाही रे. पाय आपोआप उठायचे. तू दुसऱ्या गावी नोकरी धरलीस तेव्हा मी तुझे शर्ट घडी करून दिले. "थांब" म्हणाले नाही. परवा आईला यातलं जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ती वाटाणे सोलायची थांबली. "मग चुकलं कुणाचं?" म्हणाली. मी म्हटलं, कुणाचंच नाही. "मग तर कठीणच आहे," असं म्हणून ती पुन्हा सोलायला लागली.

आता इकडचं ऐक. फोर्क अजून मीच चालवते. त्या प्रकारानंतर साहेबांनी खूप खटपट केली, आणि आता मूळ प्रकल्पाकडून आगाऊ सूचना मिळणाऱ्यांत आमचीही कंपनी आहे. शपथ घेतल्यासारखी सही करून दिली मी, कुणाला सांगणार नाही म्हणून. परवापरवापर्यंत काही आलं नव्हतं. मग एका नव्या भोकाची सूचना आली. आपली चिमणी तुला आठवते, दवाखान्यांच्या नोंदींचं काम करणारी? तिच्याकडेही असाच घरचा फोर्क आहे, आगाऊ सूचना मात्र मिळत नाही, आणि तो सांभाळायला तिला मीच शिकवलं. सूचना आली त्याच आठवड्यात ती माझ्याकडे चहाला आली. मुलांना समुद्रावर नेणार होती. पोहायचे कपडे घेतले, धाकट्याला पाण्याची भीती वाटते, असं कायकाय सांगत होती. मी तिच्याकडे बघत होते. मला काय म्हणायचं होतं हे तुला सांगायला नको. मी म्हणाले, "जा, मजा करून ये." तू मला निदान जाऊ नकोस एवढं तरी म्हणाला होतास. लॅपटॉप दोनदा बॅगेत टाकला होतास. मी तेवढंही केलं नाही. कपबशा उचलल्या आणि तिला दारापर्यंत सोडलं.

तिच्याकडे मदतीला दोघं होते, त्यांनी निभावून नेलं. कुणाचं काही गेलं नाही. समुद्रावरून परतल्यावर तिने फोन केला. "तुला माहीत होतं ना गं?" मी हो म्हटलं. "मी पोहायच्या कपड्यांचं सांगत होते तेव्हाही?" मी पुन्हा हो म्हटलं. ती म्हणाली, "बरोबरच केलंस." अगदी मनापासून म्हणाली, तिला दुसरं काही म्हणताच येत नाही. त्यानंतर तिचा फोन नाही. मीही केलेला नाही.

शिंपिणीला मधूनमधून भेटते. निवारागृहाने तिला लांबच्या एका गावात जागा करून दिली आहे. डाव्या हाताने कात्री धरते, पण रेघ अजून सरळ जात नाही. मी गेले की मशीन पुसून ठेवते आणि तुझी चौकशी करते. तुझा यात काय संबंध ते तिला कधी सांगितलं नाही. ती फक्त म्हणते, "तुमचा तो हसरा नवरा कसा आहे?" चाचणीच्या दिवशी तू मला न्यायला आला होतास आणि तिच्या कुठल्याशा बोलण्यावर हसला होतास, तेवढाच तू तिला माहीत. मी सांगते, बरा आहे.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वकिलाकडचे घटस्फोटाचे कागद तुला मिळाले, आणि त्यावर तुझा निरोप आला: "सही करू, की घरी येऊ? तू म्हणशील तसं." तेव्हापासून मी तुला घरात आणून बघते आहे. दारातून येतोस, चप्पल काढतोस, स्वयंपाकघरात येऊन उभा राहतोस, गप्प. पूर्वी तू गप्प असलास की मला कळायचं, दमला आहे, भूक लागली आहे, नाहीतर उगीचच. आता मी हातातलं टाकून तुझ्या तोंडाकडे बघत बसेन, याला आज काय माहीत आहे म्हणून. आणि चिमणी येऊन गेल्यापासून हेही कळलं आहे की तूही माझ्याकडे तसाच बघशील, आणि दोघांचाही संशय रास्त असेल. तू चुकला असतास तर मी कधीच तुला घरी बोलावलं असतं. चुकलेल्या माणसाला पदरात घेता येतं. तू बरोबर होतास हे आता मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, तेच काम मी स्वतः करते आहे. पण तेवढ्याने माझ्याच्याने तुझ्याजवळ निर्धास्त झोपवणार नाही, आणि तसं झोपता येत नसेल तर तुला कशाला बोलावू? सही कर. तुझे गरम कपडे वरच्या कपाटात आहेत, थंडी पडायच्या आत एखाद्या सुटीच्या दिवशी येऊन घेऊन जा. मी बाहेर जाईन, आई असेल. तिच्याजवळ थोडा वेळ बस. काही बोलला नाहीस तरी तिला चालतं.

दुसरं काही लिहायला हात वळत नाही म्हणून, अजूनही,
तुझीच